बसायचं का, मामा?

फेब्रुवारीत पुण्याहून नाशिकला जायचं म्हणजे पहाटे साडेपाचला निघायचं हा आमच्या घरचा नियम आहे, कारण चाकण. ज्यांना चाकण माहितीये त्यांना पुढचं सांगायला नको आणि ज्यांना माहिती नाही त्यांनी तसंच सुखात राहावं. राजगुरुनगर मागे पडलं की गाडीत थर्मास उघडतो, बायको मागून खारीचा डबा पुढे करते, खारीचा चुरा माझ्या स्वेटरवर, गिअरवर, सगळीकडे, आणि मंचर गेलं की मी नारायणगावची वाट बघायला लागतो.

आता बायपास झालाय त्यामुळे गाव बाजूलाच राहतं, पण मला ते गाव उगाचच आवडतं. एका गावाच्या वाट्याला किती गोष्टी याव्यात! तमाशाची पंढरी म्हणतात त्याला, पाडव्याच्या आसपास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची माणसं जत्रेची सुपारी द्यायला येतात, विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्याच. टोमॅटोचा मोठा बाजार इथे. शेजारी खोडदला ती जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण, 45 मीटर व्यासाच्या 30 डिशा आकाशाला कान लावून बसलेल्या. आणि ह्याच गावात 1980 च्या दशकात शामराव चौगुल्यांनी फसफसणारी वाइन बनवायला घेतली, अगदी शॅम्पेनच्या पद्धतीने, म्हणजे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून. ती बाहेरदेशी 'ओमर खय्याम' नावाने विकली जायची. म्हणजे एकीकडे ढोलकी, एकीकडे आकाशातून येणारे सिग्नल, आणि मधे कुठेतरी तळघरात शांतपणे बुडबुडे धरत असलेल्या बाटल्या. मी दर वेळी हे गाडीत सांगतो आणि मुलगी दर वेळी म्हणते, बाबा, हे मागच्या वर्षी पण सांगितलंत.

तर ह्या वर्षी आम्ही निघालो होतो ते मामांना घेऊन वायनरीत जायला. माझ्या मामांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. वय बहात्तर. तंबाखू सोडली त्याला अकरा वर्षं झाली आणि दारूला आयुष्यात हात लावलेला नाही, आणि हा बेत त्यांना विचारून ठरलेला नव्हता.

मराठीत 'बसणं' ह्या गरीब क्रियापदाचं आपण काय करून ठेवलंय बघा. 'शनिवारी बसायचं का?' असं कोणी विचारलं की सतरंजी कुठली घ्यायची हा प्रश्न कोणालाच पडत नाही, चकणा कोण आणणार हा पडतो. नुसतं बसायला आपल्याला जमत नाही, हातात काहीतरी लागतं, ग्लास लागतो, पत्ते लागतात, आता मोबाइल लागतो. मला स्वतःला नुसतं बसणं चाळिशीनंतर थोडंफार जमायला लागलं आणि त्याचं बरंचसं श्रेय वाइनला द्यायला हवं, हे मी आईसमोर कधीच कबूल करणार नाही.

सुरुवात मात्र वाईट झाली होती. ऑफिसच्या एका पार्टीत प्लॅस्टिकच्या कपातून कोमट रेड वाइन प्यालो, मनात कल्पना अशी की द्राक्षाचं सरबत असणार, आणि पहिल्या घोटाला वाटलं की आजीने सर्दीचा काढा गाळून दिलाय. जीभ अशी आवळून आली की समोरच्या साहेबांना हसून दाखवायला पण जमेना. त्यानंतर चार-पाच वर्षं मी वाइन म्हणजे लोकांनी उगाच मोठं करून ठेवलेलं प्रकरण आहे असं ठामपणे सांगत फिरायचो. मग एका पावसाळी रविवारी मित्राकडे थंडगार शेनिन ब्लाँ, म्हणजे एक पांढरी वाइन मिळाली, बरोबर होती कांदाभजी, आणि तेव्हा पहिल्यांदा कळलं की चूक वाइनची नव्हती, तापमानाची आणि शेजाऱ्याची होती.

शेजारी म्हणजे बरोबरचं खाणं. ह्यावर मी गेल्या काही वर्षांत घरी इतके प्रयोग केलेत की बायको म्हणते तेवढा अभ्यास दहावीला केला असता तर. सांगण्यासारखं एवढंच की तिखटाशी भांडणारी वाइन घेऊ नये. काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर मी एकदा चांगली महागाची कॅबरने उघडली, लोक म्हणतात ना की रेड मीटला रेड वाइन, आणि तोंडात जे काही झालं ते वर्णन करायचं तर रस्त्यावर आधीच आग लागलीये आणि कोणीतरी टँकर घेऊन आलं आणि टँकरमधे रॉकेल निघालं. अल्कोहोलने तिखट अजून पेटतं, वर सालीतला तुरटपणा जिभेवर वाळू पसरतो. त्याच मटणाबरोबर किंचित गोडसर, गार पांढरी वाइन घेतली तर ती गोडी मिरचीला मांडीवर घेऊन थोपटते. भरल्या वांग्याला पण तीच. तव्यावरच्या सुरमईला सोविन्याँ ब्लाँ, तिथे ती लिंबाचं काम करते. आणि पिठलं-भाकरीला, फार प्रयत्नांनंतर माझं मत असं झालंय की ताक.

मजेला पण हंगाम असतो असं मला वाटतं. जानेवारीत हुरडा, गोवऱ्यांच्या आगटीतली कणसं, हातावर चोळून काढलेले गरम दाणे आणि लसणीची चटणी. एप्रिलमधे गोव्यात गेलात तर काजूच्या बोंडांपासून गाळलेला उर्राक, जो मे संपता संपता संपतो आणि मग वर्षभर मिळत नाही, म्हणूनच तो एवढा प्यारा. आणि फेब्रुवारी म्हणजे नाशिकची द्राक्षं. बाराही महिने सगळं मिळायला लागलं की वाट बघण्यातली अर्धी मजा जाते, सप्टेंबरमधे मॉलमधे दिसणारी पेटीतली द्राक्षं बघून मला कधीच तोंडाला पाणी सुटलेलं नाही.

असो. मामा.

मामांचं आणि वाइनचं एक जुनं प्रकरण आहे आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. 2001 मधे महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, वाइन बनवणाऱ्यांना करात सवलती दिल्या, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाइन पार्क काढले. त्याआधी गंगापूर धरणाच्या बाजूला राजीव सामंतांनी 1997 च्या सुमाराला वाइनची द्राक्षं लावून दाखवली होती, अमेरिकेतली नोकरी सोडून आलेला माणूस, आईचं नाव सुलभा म्हणून कंपनीचं नाव सुला, ही गोष्ट तेव्हा नाशकात प्रत्येक पानटपरीवर ऐकायला मिळायची. मग काय, सगळीकडे वाइनची द्राक्षं. मामांनी पण एक एकर शिराझ लावली, एका छोट्या वायनरीशी लेखी करार करून. मला आठवतंय, आम्ही सुट्टीत गेलो तेव्हा ते घड बघून हसलो होतो, मणी केवढे, तर करवंदाएवढे, काळे, जाड सालीचे, आत बिया. ज्या माणसाने आयुष्यभर एक्स्पोर्टसाठी 18 मिलिमीटरचा मणी काढायला जिवाचं रान केलं, मणी फुगवणाऱ्या जीए ह्या संजीवकाच्या पाण्यात एकेक घड बुडवला, कात्रीने विरळणी केली, थंडीत मणी गुलाबी पडू नयेत म्हणून घडांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळले, त्याच्या बागेत हे असले मणी. मामी म्हणाली होती, हे तर पाखरं पण खायची नाहीत. पाखरांनी खाल्ली, ते वेगळं.

तीन-चार वर्षं बरी गेली. मग 2008 च्या शेवटी मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, आणि वाइनचा धंदा एकदम बसला. टाक्यांमधे आदल्या वर्षीचीच वाइन पडून, नवीन माल कोण घेणार. मामांच्या वायनरीने आधी फोन उचलणं कमी केलं, मग बंद केलं. आणि वाइनच्या द्राक्षाची गंमत अशी की ते दुसऱ्या कशाच्या उपयोगाचं नाही. बाजारात नेलं तर बियांचं, जाड सालीचं म्हणून कोणी हात लावत नाही, बेदाणा करावा तर बिया. एक एकर माल वेलीवरच सुकला. त्या एप्रिलला मामांनी खरड छाटणी, म्हणजे माल संपल्यावरची छाटणी, केलीच नाही त्या प्लॉटची, जेसीबी लावून वेली उपटल्या आणि पुढे तिथे परत थॉमसन, म्हणजे खायची बिनबियांची द्राक्षं लावली. ती खोडं वर्षभर मामीच्या चुलीत जळाली. चांगला जाळ धरतात, असं ती म्हणायची, आणि मामा तिथून उठून जायचे.

ह्या सगळ्यात मला एका गोष्टीचं नंतर फार नवल वाटलं. ज्यांनी चार वर्षं वाइनची द्राक्षं पिकवली त्या माणसाने वाइन चाखलेलीच नव्हती. मी विचारलं एकदा तर म्हणाले, 'कापूस लावणारे सगळे सदरे शिवत बसतात का?' विषय संपला.

आम्ही शनिवारी पोचलो त्याच दिवशी मामांचा एक प्लॉट खाली झाला होता, म्हणजे व्यापाऱ्याने माल तोडून नेला होता, त्यामुळे माणूस जरा सैल होता. रविवारी सकाळी मी म्हटलं, चला मामा, मिसळ खायला नाशिकला जाऊ. मिसळीला नाशिककडचा माणूस नाही म्हणत नाही. रविवारी सकाळची मिसळ हा तिथे जवळजवळ धार्मिक विधी आहे, शेताच्या कडेला मोठमोठी आवारं, झोपाळे, मुलं धावतायत, आणि ताटात काळ्या मसाल्याचा रस्सा, मटकी, शेव, पापड, दही, पाव, आणि मधूनच 'रस्सा आण रे' अशी आरोळी. मामांनी रस्सा तीनदा मागवला. मी दोनदाच, कारण मला जीभ वाचवायची होती. मिसळ खाऊन लगेच वाइन चाखायला जाणं हा शुद्ध मूर्खपणा आहे हे मला माहिती होतं पण मिसळीशिवाय मामा गाडीतच बसले नसते.

पाणी पीत बसलो असताना मी हळूच सांगितलं की इथून पुढे गंगापूर धरणाच्या बाजूला एक बाग बघायला जाऊ. मामा माझ्याकडे नुसते बघत राहिले. 'बाग माझ्याकडं काय कमी आहे?' मग म्हणाले, 'वाइनवाल्यांची ना? चल. बघू काय दिवे लावलेत.'

वायनरीच्या दारात सगळं तुम्हाला माहिती असतं तसंच. पांढऱ्या कपड्यातली तरुण मंडळी, टोप्या, मुंबईच्या नंबरच्या गाड्या, घडाच्या शेजारी गाल लावून सेल्फी. मामा पांढरा पायजमा-शर्ट आणि गांधी टोपीत, त्यांच्याबरोबर पण दोघींनी फोटो काढून घेतला, मामांनी गंभीरपणे दिला. आत एका काउंटरवर प्यायच्या परवान्याची पाटी होती. आपल्याकडे अजून 1949 चाच दारूबंदी कायदा आहे, कागदोपत्री प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा पाच रुपयांत. मामांनी पाटी वाचली आणि म्हणाले, पाच रुपयात आता अर्धा चहा पण येत नाही, सरकारला दारू चहापेक्षा स्वस्त पडती.

बाग दाखवायला एक पोरगा होता, चोवीस-पंचवीसचा, चांगला होता, पाठ केलेलं बोलत होता पण मनापासून. तो सांगत होता की युरोपात वेल थंडीत झोपते, इथे झोपत नाही म्हणून वर्षातून दोनदा छाटावी लागते. मामा मधेच, 'खरड एप्रिलात, गोडी ऑक्टोबरात.' म्हणजे त्याच दोन छाटण्या. पोरगा थांबला. 'तुम्ही शेतकरी आहात का, काका?' त्यानंतर त्या टूरचं जे झालं ते तुम्ही समजू शकता. ग्रुपमधले दहा लोक मामांच्या मागे, मामा ओलांड्यावरून, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवरून, हात फिरवत सांगतायत की हे डोळे का ठेवलेत, भुरी रोग कसा ओळखायचा, ड्रिपचा पाइप कुठे चोंदलाय, आणि पोरगा बिचारा वही असती तर लिहून घेतलं असतं अशा चेहऱ्याने.

मग मामांनी एक मणी तोडून तोंडात टाकला. चावला, साल दाढेखाली दाबली, बी काढून तळहातावर घेतली, तिचा रंग बघितला. हे त्यांचं मी लहानपणापासून बघत आलोय. साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आहे त्यांच्याकडे पण तो व्यापाऱ्याला दाखवण्यापुरता, त्यांना स्वतःला मणी चावला की ब्रिक्स, म्हणजे रसात शंभरात किती साखर, ते कळतं आणि अर्ध्या अंकापेक्षा जास्त चुकत नाही. 'एकोणीस', ते म्हणाले. 'अजून आठवडाभर ठेवा.'

पोरग्याने खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढला, त्याच घडाचा मणी काचेवर पिळला, उजेडाकडे धरून बघितलं आणि फार अदबीने तो मामांच्या हातात दिला. तेवीस होता.

मामांनी परत दुसरा मणी पिळला. तेवीस. तिसऱ्या ओळीतला आणून पिळला. साडेबावीस. मी बहात्तर वर्षांच्या माणसाचा चेहरा असा पडलेला फार कमी वेळा बघितलाय. म्हणजे गाणाऱ्याला कोणी सांगावं की तुमचा षड्ज खाली लागलाय, आणि तंबोऱ्यावर लावून दाखवावा. ते बाजूला जाऊन उभे राहिले आणि मणी खात राहिले, एकापाठोपाठ एक, सात-आठ तरी, साली थुंकून. मग परत आले आणि म्हणाले, 'आंबटानं फसवलं.'

आणि ते अगदी खरं होतं. खायच्या द्राक्षात साखर सोळा-अठराला पोचेपर्यंत आंबटपणा बराच उतरलेला असतो, जिभेला गोडी सरळ कळते. वाइनच्या ह्या करवंदाएवढ्या मण्यात साखर तेवीसला जाते पण आंबट पण जागचं हलत नाही, कारण नाशिक साधारण 600 मीटर उंचीवर, जानेवारी-फेब्रुवारीच्या रात्री गार, आणि गार रात्रीत वेल आंबटपणा खर्च करत नाही. तो आंबटपणा साखरेच्या पुढे उभा राहतो आणि ती दिसू देत नाही. हे पोरग्याने सांगितलं त्याच्या आधी मामांनीच सांगितलं होतं, त्यांच्या शब्दात, 'थंडीनं धरून ठेवलंय.' चार वर्षं स्वतः शिराझ पिकवली पण तेव्हा ती चावून कोण बघत बसणार, वायनरीचा माणूस मशीन घेऊन यायचा आणि आकडा सांगून जायचा.

मला वाटतं त्या चुकीमुळेच मामा टेबलापाशी आले. नाहीतर गाडीतच बसून राहिले असते.

सहा ग्लास मांडले होते, प्रत्येकात दोन चमचे वाइन. पोरगा सांगत होता ग्लास फिरवा, वास घ्या, घोट तोंडात घोळवा, आणि नको असेल तर ह्या भांड्यात थुंका. मामांनी भांड्यात डोकावून बघितलं. 'वर्षभर पिकवायचं, पिळायचं, आंबवायचं, आणि थुंकायचं?' टेबलावरचे सगळे हसले, ते हसले नाहीत, त्यांना खरंच उत्तर हवं होतं. पोरगा म्हणाला की वाइनमेकरला दिवसाला पन्नास-साठ टाक्या चाखाव्या लागतात, सगळं गिळलं तर दुपारी तो कुठे असेल? हे मामांना पटलं. मीठ किती पडलंय ते बघायला आचारी पण पातेलंभर रस्सा पीत नाही.

पांढऱ्या वाइनचे ग्लास त्यांनी नुसते हुंगून बाजूला सारले. शिराझचा ग्लास आला तेव्हा मात्र थांबले. बराच वेळ. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग चिमणीएवढा घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि गिळला.

'गोड कुठं गेलं?'

पोरग्याने सांगितलं की यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल करतं, साखर तेवीस असेल तर अल्कोहोल साडेबाराच्या आसपास येतं, शेवटी गोडी उरतच नाही. मामा ग्लासाकडे बघत म्हणाले, 'म्हणजे आम्ही ऑक्टोबरपासून साखर भरायची आणि ह्यांनी पंधरा दिवसात ती किड्यांना घालायची.' परत एक घोट. 'तुरट आहे. जांभळाची बी चावल्यासारखं.' परत हुंगलं. 'आणि धूर आहे ह्याला. ओलं लाकूड जळताना येतो तसला.' बायकोने टेबलाखालून माझा पाय दाबला. आम्ही दोघंही एकाच वेळी त्या चुलीत गेलेल्या खोडांकडे पोचलो होतो. पोरगा आनंदाने सांगत होता की हो काका, ओकच्या पिंपात ठेवल्यामुळे तो स्मोकी वास येतो, बरोबर ओळखलंत.

मी एक बाटली घेतली, तीच शिराझ, आणि आम्ही वरच्या गच्चीवर जाऊन बसलो. समोर वेलींच्या रांगा, पलीकडे धरणाचं पाणी, ऊन कोवळं म्हणता येणार नाही पण बोचतही नव्हतं. मुलीने पिझ्झा मागवला. आणि पाचच मिनिटांनी मामा म्हणाले, 'आता काय करायचं?'

'काही नाही मामा. बसायचं.'

'किती वेळ?'

ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजूबाजूची टेबलं दोन-दोन तास बसली होती, काही न करता, गप्पा पण धड न मारता, आणि ह्याच गोष्टीचे सगळे पैसे देत होती. मामा मात्र खुर्चीच्या टोकावर, एस.टी. येईल की काय असे. बहात्तर वर्षांत हा माणूस बागेत बसलाय तो एकतर डबा खायला किंवा गारपीट झाल्यावर. त्यांच्या आणि माझ्या जिभेत फरक आहे तो इथेच. मी घोट घेतो तेव्हा माझं काहीच पणाला लागलेलं नसतं, फार तर आठशे रुपये. ते मणी चावतात तेव्हा त्यात अवकाळी असते, व्यापाऱ्याचा भाव असतो, सोसायटीचं कर्ज असतं, डाऊनीचा रोग असतो. एवढ्या बारकाईने चव घेणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही आणि त्या चवीची मजा त्यांनी घेतलीये का हे मला आजवर विचारावंसं वाटलं नव्हतं. मी त्या दिवशी पण नाही विचारलं. ते रांगांमधले डांब मोजत होते. मोजून झाल्यावर म्हणाले, एकरी खर्च फार केलाय ह्यांनी.

अर्धी बाटली उरली. झाकण फिरवून मी ती मामांच्या पिशवीत टाकली, संत्र्यांच्या शेजारी.

घरी आल्यावर मामीने वास घेऊन तोंड वाकडं केलं. एकादशी करणारी बाई, घरात असलं काही नको म्हणाली. आता ह्यात गंमत अशी की मामी गेली वीस वर्षं रोज जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव घेते, पाण्यात मिसळून, पचनासाठी. मी बाटली आणून वाचून दाखवली. द्राक्षं, गूळ, धायटीची फुलं आणि ते सगळं बंद भांड्यात आंबवलेलं, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की ह्यात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं. 'मामी, ही पण वाइनच आहे, नुसती वैद्यांकडून आली म्हणून.' मामी म्हणाली, 'वैद्याकडून आली ना? मग झालं तर.' 2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटमधे वाइन ठेवायचा निर्णय सरकारने जाहीर केला होता आणि केवढा गदारोळ झाला, शेवटी तो अमलात आलाच नाही, त्या वादावर मामीच्या ह्या एका वाक्याएवढं नेमकं मी तरी काही ऐकलं नाही. एकच द्राक्ष, एकच आंबवणं, पण चमच्याने घेतलं तर औषध आणि ग्लासाने घेतलं तर संस्कृतीचा ऱ्हास. (मामीची बाजू मला कळत नाही असं नाही. गावात दारूने उठलेली घरं तिने बघितलीयेत, मी गच्चीवरून धरण बघितलंय.)

बाटली शेवटी स्वयंपाकघराच्या फळीवर राहिली, द्राक्षासवाच्या शेजारी, आणि आम्ही रात्री पिठलं-भाकरी खाऊन झोपलो, दुसऱ्या दिवशी पेटीभर द्राक्षं घेऊन पुण्याला, परत चाकण, परत ट्रॅफिक.

एप्रिलच्या शेवटी मामांचा फोन आला. खरड छाटणी चालू होती, मागे कात्र्यांचे आवाज येत होते. भाव, ऊन, माझ्या आईचा गुडघा असं सगळं झाल्यावर म्हणाले, 'ती तुझी बाटली. मी मधेमधे उघडून बघत होतो.'

'प्यालात?'

'नाही रे. वास घेत होतो. रोज वेगळा यायचा. मंग पंधरा दिवसांनी आंबूस यायला लागला, आता तर डोळ्यात पाणी येतंय असा वास मारती. खराब झाली म्हणायची का?'

मी म्हटलं, मामा, हवा लागली की तिचा सिरका होतो. व्हिनेगर.

'ते मामीनंच ओळखलं. म्हणाली आता ही दारू राहिली नाही. तिनं त्यात छोटे कांदे टाकलेत, हॉटेलात देतात ना गुलाबी, तसले. ह्याचे जांभळे झाले. मीठ, थोडा गूळ. भाकरीबरोबर खाल्ला काल.'

'कसा लागतो?'

फोनवर थोडा वेळ नुसत्याच कात्र्या ऐकू येत होत्या.

'धूर अजून आहे,' मामा म्हणाले. 'बरणीत पंधरा-वीस उरलेत. छाटणी उरकली की ये. बसू.'